‘आवश्यक’ आणि ‘अनावश्यक’: अमिनो आम्लांच्या एका संज्ञेची चिकित्सा

अण्णांना मूत्रपिंडाचा विकार असल्याचे निदान झाले, त्या वर्षापासून ‘प्रथिने’ हा शब्द आमच्या घरात रोजचा झाला. डॉक्टरांनी दिवसाला किती ग्रॅम प्रथिने चालतील ते लिहून दिले आणि जोडीला गोळ्या दिल्या. अण्णांची सगळी नोकरी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत गेली. हाती आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवायचा नाही, ही त्यांची जुनी सवय. गोळ्यांच्या खोक्यावर घटकांची यादी होती. ती त्यांनी माझ्याकडून मराठीत समजावून घेतली आणि विचारले, “अरे, ही अमिनो आम्ले आवश्यक आहेत म्हणतोस. ती डाळीतही आहेत म्हणतोस. मग डाळ कमी करा असे का सांगतात? आणि परवा तू पुस्तक वाचून नऊ म्हणालास. इथे तर दहा आहेत.”

मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. मी रसायनशास्त्र कॉलेजात शिकलेलो नाही. जे थोडेफार कळते ते पुस्तके आणि जुनी नियतकालिके चाळून. पण अण्णांच्या शंकेचे मूळ रसायनात नसून शब्दात आहे, असे तेव्हाच वाटले होते. पुढची काही वर्षे त्या शब्दामागे गेली. त्या वाचनातून हाती आलेला मुद्दा असा: ‘आवश्यक अमिनो आम्ल’ ही संज्ञा शरीराला काय लागते हे सांगतच नाही, शरीराला काय बनवता येत नाही, एवढेच सांगते. हा फरक पुसला गेल्यामुळे ‘अनावश्यक’ हा एक खोटा शब्द जन्माला आला आणि पुढे गरिबाच्या ताटावर ‘दुय्यम’ असा शिक्का बसला.

आधी संज्ञेचा अर्थ पाहू. आपल्या शरीरातली प्रथिने मुख्यतः वीस अमिनो आम्लांच्या जोडणीतून तयार होतात. ही वीसही लागतात. एखादे प्रथिन बनताना साखळीत ग्लायसिनची जागा आली आणि पेशीत ग्लायसिन नसले, तर काम तिथेच अडते. लायसिन नसले तरी तसेच अडते. पेशीच्या दृष्टीने वीसांत डावे-उजवे नाही. मात्र यांपैकी अकरा शरीर स्वतः बनवू शकते. उरलेली नऊ अन्नातून यावी लागतात: लायसिन, ट्रिप्टोफॅन, थ्रिओनिन, मिथिओनिन, फेनिलअॅलानिन, ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन आणि हिस्टिडिन. या नवांना म्हणायचे ‘आवश्यक’ आणि अकरांना ‘अनावश्यक’. मराठी पाठ्यपुस्तकांत आणि आहारविषयक पुस्तकांत ही जोडी सर्रास दिसते.

घरातल्या भाषेत सांगायचे तर ही वाण्याची यादी आहे. यादीत मीठ असते, दही नसते, कारण दही घरी लागते. ही यादी परक्या माणसाच्या हाती पडली आणि ‘या घरात दही अनावश्यक आहे’ असे त्याने लिहून ठेवले, तर आपण हसू. अमिनो आम्लांच्या बाबतीत नेमके तेच लिहून ठेवले गेले आणि कोणी हसले नाही.

ही यादी झाली कशी, ते पाहण्यासारखे आहे. १९०६ मध्ये केंब्रिजला एडिथ विलकॉक आणि फ्रेडरिक हॉपकिन्स यांनी उंदरांना प्रथिन म्हणून फक्त मक्यातले झेइन दिले. उंदीर वाढले नाहीत आणि लवकर मेले. झेइनमध्ये ट्रिप्टोफॅन नसते. ते वेगळे घातल्यावर उंदीर जास्त दिवस जगले, पण वाढ मात्र झाली नाही. पुढे अमेरिकेत थॉमस ऑस्बर्न आणि लफाएट मेंडेल यांनी हा धागा पुढे नेला. त्यांनी १९१४ मध्ये दाखवले, की झेइनवरच्या उंदरांना ट्रिप्टोफॅन दिले तर वजन टिकते, आणि त्यासोबत लायसिनही दिले तर ते वाढू लागतात. म्हणजे प्रश्न दोन होते: जगायला काय लागते आणि वाढायला काय लागते. दोन्हींची उत्तरे वेगळी आली. संज्ञेच्या इतिहासात ही पहिली गाठ आहे, आणि ‘आवश्यक’ म्हणताना ती बहुतेकदा विसरली जाते. कशासाठी आवश्यक, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ राहत नाही.

मेंडेल यांचे शिष्य विल्यम रोझ हे या कथेतले मुख्य पात्र. इलिनॉय विद्यापीठात त्यांनी उंदरांना प्रथिनाऐवजी तेव्हा माहीत असलेल्या अमिनो आम्लांचे मिश्रण दिले. उंदीर खंगत गेले. दुधातले केसीन थोडे घातले की सुधारत. याचा अर्थ केसीनमध्ये आणखी काहीतरी होते, जे कोणाला माहीत नव्हते. त्या शोधातून १९३५ मध्ये थ्रिओनिन सापडले. प्रथिनांतल्या वीस अमिनो आम्लांपैकी सर्वांत शेवटी सापडलेले ते हेच. आता यादी पुरी झाली होती. एकेक अमिनो आम्ल वगळून पाहायचे आणि वाढ थांबते का ते बघायचे, असे करत रोझ यांनी वाढत्या उंदरांसाठी दहा नावे काढली.

रोझ यांनी वापरलेले शब्द इथे महत्त्वाचे आहेत. त्यांची जोडी ‘इनडिस्पेन्सेबल’ आणि ‘डिस्पेन्सेबल’ अशी होती. मराठीत अर्थ करायचा तर ‘वगळता न येणारी’ आणि ‘वगळता येणारी’. या क्रियापदाची एक खुबी आहे: ते प्रश्न मागे ठेवते. वगळायचे कशातून? आहारातून. प्रयोगच तसा होता: वाटीतून एक वस्तू काढायची आणि काय होते ते पाहायचे. पण प्रचारात ‘इसेन्शियल’ आणि ‘नॉन-इसेन्शियल’ ही जोडी जास्त चालली. तिच्यात ‘कशातून’ हा प्रश्नच उरत नाही. जो शब्द आहार आणि शरीर यांच्यातला संबंध सांगत होता, तो पदार्थाचा अंगभूत गुण सांगू लागला. मराठीत आपण ही दुसरी जोडी उचलली आणि तिच्यासोबत तिचा दोषही घेतला.

रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे केलेली व्याख्या तर फारच सावध आहे. तिचा आशय असा: नेहमीच्या आहारातून पेशींना जो कच्चा माल मिळतो त्यापासून, सर्वसाधारण वाढीला पुरेल एवढ्या वेगाने, जे अमिनो आम्ल प्राण्याच्या शरीराला बनवता येत नाही, ते ‘वगळता न येणारे’. यात तीन अटी आहेत: कच्चा माल, वेग आणि त्या-त्या प्राण्याचे शरीर. यांतली एक बदलली तरी यादी बदलू शकते. आर्जिनिन वाढत्या उंदराच्या यादीत आहे, कारण उंदीर ते बनवतो पण पुरेशा वेगाने बनवत नाही. निरोगी प्रौढ माणसाच्या यादीत ते नाही. मांजराचे आणखी वेगळे. उपाशी मांजराला आर्जिनिन नसलेले एकच जेवण दिले, तर काही तासांत त्याच्या रक्तात अमोनिया साचून ते मरणाच्या दारात जाते. पदार्थ तोच, पण तीन शरीरांत तीन निर्णय. तेव्हा ‘आर्जिनिन आवश्यक आहे का?’ या प्रश्नाला ‘कोणाला?’ हाच पहिला जबाब.

माणसांवरचे प्रयोग रोझ यांनी १९४२ पासून सुरू केले. तरुण विद्यार्थ्यांना मक्याचे स्टार्च, साखर, तूप-तेल, जीवनसत्त्वे आणि मोजून दिलेली अमिनो आम्ले एवढ्यावर ठेवायचे. पोटात किती नायट्रोजन गेला आणि मलमूत्रातून किती बाहेर पडला याचा रोजचा जमाखर्च मांडायचा. एखादे अमिनो आम्ल काढल्यावर आवक कमी आणि जावक जास्त झाली, म्हणजे शरीर स्वतःचे प्रथिन मोडत आहे; ते अमिनो आम्ल यादीत घ्यायचे. अशी आठ नावे आली. भूक मरणे, थकवा, चिडचिड ही लक्षणे दिसत आणि काढलेली वस्तू परत दिली की जात. हिस्टिडिन काढल्यावर मात्र काहीच झाले नाही. म्हणून माणसाच्या यादीत हिस्टिडिन नव्हते.

ते नंतर आले. हिमोग्लोबिनमध्ये आणि स्नायूंतल्या कार्नोसिन या पदार्थात हिस्टिडिनचा मोठा साठा असतो. थोड्या दिवसांच्या प्रयोगात शरीर त्या साठ्यावर निभावून नेते. १९७५ मध्ये जोएल कॉपल आणि मेरियन स्वेंडसाइड यांनी निरोगी माणसांना आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना जास्त दिवस हिस्टिडिनविना ठेवून पाहिले, तेव्हा नायट्रोजनचा ताळेबंद हळूहळू तुटीत गेला. मग आठाचे नऊ झाले. घरात मिठाचा डबा भरलेला असेल तर आठवडाभर मीठ न आणूनही स्वयंपाक अळणी होत नाही. त्यावरून मीठ घरीच तयार होते असे ठरवता येत नाही. निसर्गात काहीही बदलले नव्हते. निरीक्षणाची मुदत वाढली, तेवढ्याने एक नाव ‘अनावश्यक’मधून ‘आवश्यक’मध्ये गेले.

आता ‘अनावश्यक’ अकरांकडे पाहू. ग्लायसिन हे रचनेने सर्वांत साधे अमिनो आम्ल. हाडे, कातडी, स्नायुबंध यांना धरून ठेवणाऱ्या कोलॅजेनमध्ये जवळपास दर तिसरी जागा ग्लायसिनची असते. रक्ताचा लाल रंग ज्या हीममुळे येतो ते बनवायला ग्लायसिन लागते. क्रिएटिन, ग्लुटाथायोन आणि डीएनएमधले प्युरिन घटक यांनाही लागते. ग्लुटामेटची गोष्ट आणखी बोलकी आहे. अन्नातून येणारे बहुतांश ग्लुटामेट आतड्याच्या भिंतीतल्या पेशीच इंधन म्हणून वापरून टाकतात. पुढे फार थोडे जाते. मेंदूतल्या संदेशवहनाला लागणारे ग्लुटामेट शरीराला स्वतःच बनवावे लागते. अशी कामे रोजच्या जेवणाच्या भरवशावर सोडणे कोणत्याही शरीराला परवडण्यासारखे नाही. तेव्हा जे इतके लागते की घरीच करून ठेवावे, त्यालाच आपण ‘अनावश्यक’ म्हणत आलो.

या दोन कप्प्यांच्या मधोमध काही नावे लटकलेली आहेत. टायरोसिन हे त्यांतले महत्त्वाचे. शरीर ते फेनिलअॅलानिनपासून बनवते. पुन्हा दह्याचाच दाखला घेतो: दूध म्हणजे फेनिलअॅलानिन, दही म्हणजे टायरोसिन, आणि विरजण म्हणजे हा बदल घडवणारे विकर. दूध येते आहे आणि विरजण चांगले आहे, तोवर दही यादीत लिहायला नको. पण विरजणच नसले तर? १९३४ मध्ये नॉर्वेत एक आई आपल्या दोन मुलांना घेऊन आस्ब्योर्न फोलिंग या डॉक्टरांकडे गेली. मुलांची बौद्धिक वाढ खुंटली होती आणि त्यांच्या लघवीला विचित्र वास येत होता. फोलिंग यांनी त्या लघवीत फेनिलपायरुव्हिक आम्ल शोधून काढले. फेनिलकीटोन्युरिया या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या या जन्मजात विकारात ते विकर काम करत नाही. न वापरलेले फेनिलअॅलानिन साचून मेंदूला अपाय करते आणि टायरोसिन बाहेरून द्यावे लागते. म्हणजे एक ‘आवश्यक’ अमिनो आम्ल या मुलांसाठी मोजून-मापून द्यायचे, आणि एक ‘अनावश्यक’ त्यांच्या यादीत घालायचे. अशांसाठी शास्त्राने ‘सशर्त आवश्यक’ असा तिसरा कप्पा केला. खरे तर रोझ यांची व्याख्या वाचली तर सगळीच सशर्त आहेत.

इथे अण्णांच्या ‘दहा’चा उलगडा झाला. फेनिलअॅलानिनचे टायरोसिन करण्याचे काम यकृतासोबत मूत्रपिंडही करते. मूत्रपिंड थकले की टायरोसिन कमी पडू लागते. म्हणून त्या गोळीत नवांच्या जोडीला टायरोसिन होते. पुस्तकातली यादी निरोगी माणसाची होती, खोक्यावरची अण्णांची.

डाळीचा प्रश्नही याच वाटेने सुटला. अमिनो आम्ल म्हणजे कार्बनचा एक सांगाडा आणि त्याला जोडलेला नायट्रोजनचा गट. जास्तीच्या नायट्रोजनचा युरिया होतो आणि तो बाहेर टाकणे हे मूत्रपिंडाचे काम. गेल्या शतकाच्या साठच्या दशकात इटलीत जिओर्दानो आणि जिओव्हानेत्ती यांनी मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी अगदी कमी प्रथिनांचा आहार आणि नेमकी ‘आवश्यक’ अमिनो आम्ले, असा मार्ग काढला. नंतर त्यात सुधारणा झाली: काहींचे नुसते सांगाडे, म्हणजे केटो आम्ले, द्यायची आणि शरीराने आपल्याकडचाच नायट्रोजन त्यांना जोडून घ्यायचा. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, फेनिलअॅलानिन यांच्या बाबतीत हे जमते. लायसिन आणि थ्रिओनिनच्या बाबतीत जमत नाही, ती आहेत तशीच द्यावी लागतात. याचा अर्थ ‘ल्युसिन आवश्यक आहे’ हे विधानसुद्धा काटेकोर नाही. आवश्यक आहे तो ल्युसिनचा सांगाडा. हे मी अण्णांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे शिधा कोरडा देतात. पाणी आपले आपण घालायचे.”

इथवरचा घोळ पुस्तकापुरता आणि गोळीपुरता राहिला असता, तर मी हा लेख लिहिला नसता. पण या यादीवरून अन्नाची प्रतवारी सुरू झाली. अंडे, दूध, मांस यांतली प्रथिने ‘पहिल्या दर्जाची’ आणि धान्य-कडधान्यांतली ‘दुसऱ्या दर्जाची’, हा वाक्प्रचार इंग्रजी आहारशास्त्रातून आपल्याकडे आला. १९४६ मध्ये ब्लॉक आणि मिचेल यांनी अंड्याचे प्रथिन प्रमाण मानून बाकीच्यांना गुण देण्याची पद्धत मांडली. एखाद्या अन्नात जे ‘आवश्यक’ अमिनो आम्ल प्रमाणाच्या मानाने सर्वांत तोकडे, त्यावर त्या अन्नाचे गुण ठरायचे. त्याला ‘मर्यादक अमिनो आम्ल’ म्हणतात. गहू, तांदूळ, ज्वारी यांत लायसिन तोकडे. तूर, हरभरा, मूग यांत मिथिओनिन आणि सिस्टिन. म्हणजे सुटे-सुटे तपासले की भाकरीही नापास आणि वरणही नापास. पण सुटे-सुटे जेवतो कोण? भाकरीची उणीव वरण भरून काढते आणि वरणाची भाकरी. परीक्षा ताटाची घ्यायची, ती घेतली गेली पदार्थाची.

अण्णांना आहाराचा सल्ला देणाऱ्या बाईंनी “डाळीचे प्रोटीन दुय्यम, अंड्याचा पांढरा भाग खा” असे सांगितले. अण्णा माळकरी. ते काही बोलले नाहीत, पण घरी आल्यावर बराच वेळ गप्प होते. आता कळते की त्या सल्ल्यामागे विचार होता: दिवसाचे प्रथिन मोजकेच द्यायचे असेल तर त्यातला प्रत्येक ग्रॅम जास्तीत जास्त उपयोगी पडावा. पथ्य म्हणून ते बरोबरच होते आणि पथ्याचा निर्णय डॉक्टरांचाच. लागला तो ‘दुय्यम’ हा शब्द. पथ्यातला हिशेब त्या एका शब्दाने माणसाच्या सगळ्या आयुष्याच्या जेवणावरचा निकाल होऊन बसला.

हाच निकाल एकेकाळी देशांवरही लागला. १९५० आणि ६० च्या दशकांत ‘गरीब देशांत प्रथिनांची दरी आहे’ हे मत जोरात होते. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाने येऊ घातलेल्या ‘प्रथिन-संकटा’चा इशारा दिला. तेव्हा वेगळा हिशेब मांडणाऱ्यांत एक मराठी माणूस होता: सातारा जिल्ह्यातल्या बुधचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. रोममध्ये अन्न आणि कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे ते संचालक होते आणि निवृत्तीनंतर पुण्यात काम करत राहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: भारतीय माणसाच्या नेहमीच्या आहारातले प्रथिनांचे प्रमाण पाहिले, तर पोटभर जेवणाऱ्याला प्रथिने सहसा कमी पडत नाहीत. जो अर्धपोटी आहे, त्याचे शरीर खाल्लेली प्रथिनेही इंधन म्हणून जाळते. तेव्हा कमतरता आधी अन्नाची आहे. ऊर्जेच्या गरजेबाबत सुखात्म्यांनी पुढे मांडलेल्या सिद्धान्तावर डॉ. सी. गोपालन यांनी कडक टीका केली. पण मुलांच्या आहारात प्रथिन फारसे न वाढवता मुख्यतः उष्मांक वाढवले तरी वाढ सुधारते, हे हैदराबादला गोपालन यांच्याच गटाने १९७३ मध्ये दाखवले होते. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी या सगळ्या प्रथिनमोहिमेला ‘लॅन्सेट’मध्ये महाफजिती ठरवले. थायलंडमध्ये तांदळात आणि ट्युनिशियात गव्हात लायसिन मिसळून मोठे प्रयोग झाले, पण मुलांच्या वाढीत अपेक्षित फरक दिसला नाही.

हा लेख इथे संपवला असता तर मला बरे वाटले असते: आपले जेवण निर्दोष, परक्यांचा शब्द चुकीचा. पण ते प्रामाणिकपणाचे झाले नसते. लायसिनची गोष्ट पुढे आहे.

प्रौढ माणसाची लायसिनची रोजची गरज १९८५ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात शरीराच्या दर किलोमागे १२ मिलिग्रॅम होती. तो आकडा नायट्रोजनच्या जमाखर्चावरून काढलेला होता. त्या पद्धतीत आवक थोडी जास्त आणि जावक थोडी कमी मोजली जाते, त्यामुळे गरज प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. पुढे समस्थानिकांच्या साहाय्याने अमिनो आम्लाचा शरीरातला प्रवास मोजता येऊ लागला. एमआयटीचे व्हर्नन यंग आणि बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातले अनुरा कुर्पाड यांच्या गटांनी भारतीय माणसांवर केलेल्या अभ्यासांचा त्यात मोठा वाटा आहे. २००७ च्या अहवालात गरज ३० मिलिग्रॅमवर गेली, म्हणजे अडीचपट.

याचा अर्थ आपल्या ताटात काय होतो, ते ढोबळ हिशेबाने पाहू. पंचावन्न किलो वजनाचा मजूर धरा. जुन्या आकड्याने त्याला दिवसाला ६६० मिलिग्रॅम लायसिन हवे, नव्याने १,६५०. तीनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठात, म्हणजे तीन मोठ्या भाकरींत, साधारण ६०० मिलिग्रॅम लायसिन असते. जुन्या हिशेबात नुसत्या भाकरीने तो जवळजवळ काठाला लागतो. नव्या हिशेबात अर्ध्यावरही पोचत नाही. पण सोबत पाऊणशे ग्रॅम तुरीची डाळ आली तर आणखी १,१०० च्या आसपास मिळतात आणि बेरीज १,७०० होते. पचनातली घट मी धरलेली नाही. त्यासाठी वर ताकाचा पेला हवा. म्हणजे भाकरी-वरण दुय्यम नाही, पण नुसती भाकरी पुरेशी नाही. आणि नुसती भाकरी, मिरची-मीठ आणि पाणी यांवर दिवस काढणारी माणसे आपल्या भोवती आहेत. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात कुटुंबाच्या हक्काचा शिधा म्हणून तांदूळ, गहू आणि भरड धान्य आहे, डाळ नाही. ‘आवश्यक’ कशाला म्हणायचे हा प्रश्न तिथे कोशातला राहत नाही. अंड्याशी तुलना करून डाळीला कमी लेखणारा आणि ‘आमच्या परंपरेत सगळे होतेच’ म्हणून डाळ नसलेल्या ताटाकडे न पाहणारा, दोघेही मला एकाच चुकीचे धनी वाटतात. दोघेही ताट बघत नाहीत.

उलट टोकाला, ‘आवश्यक’ म्हणजे ‘जितके जास्त तितके चांगले’ असाही अर्थ घेतला जातो. व्यायामशाळेतल्या पोरांच्या डब्यांवर ल्युसिनचे नाव ठळक अक्षरांत असते. १९६० मध्ये गोपालन आणि श्रीकांतिया यांनी दख्खनमधल्या ज्वारी खाणाऱ्यांतल्या पेलाग्रा या रोगाचा संबंध ज्वारीतल्या जास्तीच्या ल्युसिनशी जोडला होता. त्या मतावर पुढे बराच वाद झाला. पण ‘आवश्यक’ वस्तूचा अतिरेक हाही प्रश्न असू शकतो, एवढे त्यावरून विचारता आले, हेच मला मोलाचे वाटते.

आता मराठी शब्दाकडे परत येतो. ‘आवश्यक’ हा शब्द ‘अवश्य’वरून आला, आणि ‘अवश्य’ म्हणजे मुळात अ-वश्य: जे वशात नाही, आपल्या इच्छेच्या ताब्यात नाही, म्हणून टाळता येत नाही. जैन परंपरेतली ‘षडावश्यके’ ही अशीच टाळता न येणारी नित्यकर्मे. हे लक्षात आले तेव्हा मी थबकलो. शास्त्राला म्हणायचे होते ते हेच: ही नऊ अमिनो आम्ले शरीराच्या वशात नाहीत, ती बाहेरूनच यावी लागतात. व्युत्पत्तीने पाहिले तर आपला शब्द इंग्रजी शब्दापेक्षा नेमका आहे. पण शब्द व्युत्पत्तीवर चालत नाहीत, रुळलेल्या अर्थावर चालतात. आज ‘अनावश्यक’ ऐकणाऱ्याला ‘शरीराच्या वशात असलेले’ असे ऐकू येणार नाही. ‘नको असलेले’ असेच ऐकू येईल.

म्हणून माझी सूचना साधी आहे. ‘आवश्यक’ रुळला आहे, तो राहू द्यावा. फक्त त्याआधी ‘आहार’ जोडावा: ‘आहारावश्यक अमिनो आम्ले’. त्यामुळे रोझ यांच्या शब्दातला हरवलेला ‘कशातून’ परत येतो. ‘अनावश्यक’ मात्र पुस्तकांतून काढावा आणि ‘देहनिर्मित अमिनो आम्ले’ म्हणावे. मग टायरोसिनबद्दल ‘एरवी देहनिर्मित, मूत्रपिंडाच्या विकारात आहारावश्यक’ असे सरळ वाक्य लिहिता येते आणि तिसऱ्या कप्प्याची गरज राहत नाही. आणि अन्नाबद्दल बोलताना ‘दुय्यम प्रथिन’ऐवजी ‘लायसिन कमी असलेले प्रथिन’ म्हणावे. पहिल्या शब्दाने माणूस ओशाळतो. दुसऱ्याने त्याला सोबत काय वाढायचे ते कळते.

हे सगळे मी अण्णांना तुकड्या-तुकड्यांनी सांगत असे. पुरवठा शाखेत ‘जीवनावश्यक वस्तू’ हा त्यांचा रोजचा शब्द होता. १९५५ च्या कायद्याखालच्या याद्या त्यांनी वर्षानुवर्षे हाताळल्या होत्या. एकदा सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, “यादीत लिहितात ते तुटवड्याच्या भीतीने. यादीत नाही म्हणजे नको, असे आम्ही कधी धरले नाही.” मी ते वाक्य तेव्हाच वहीत उतरवून घेतले. एवढी पुस्तके वाचून मला जे सांगायचे होते, ते त्यांनी आपल्या खात्याच्या भाषेत सांगून टाकले होते.